‘दोष’ असलेला गॅस सेन्सर : घ्यावा की थांबावं?

नागपूर भागातले हिंगणा, बुटीबोरीचे कारखानदार आणि कळमन्याचे कोल्ड स्टोरेजवाले गॅस मीटर बसवून देणाऱ्या आम्हाला हल्ली हमखास विचारतात, ‘ग्राफीनचा सेन्सर आलाय म्हणे, आणि त्यात मुद्दाम दोष ठेवतात. दोषाचे पैसे आम्ही का मोजायचे?’

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एकाच अणूइतका जाड थर. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी तो चिकटपट्टीने ग्रॅफाइटवरून सोडवला. सगळाच पृष्ठभाग, त्यामुळे गॅस ओळखायला उत्तम, असं वाटतं. पण निर्दोष ग्राफीनवर गॅसचा रेणू फारसा टिकत नाही, अलगद बसतो आणि निघून जातो. त्याला धरायला खाच लागते, हाच तो ‘दोष’. उदाहरणार्थ, मॉलिब्डेनम डायसल्फाइड या ग्राफीनसारख्याच अतिपातळ थराच्या दुसऱ्या पदार्थातून गंधकाचा एखादा अणू गळाला, की त्या रिकाम्या जागी रेणू घट्ट बसतो. नायट्रोजन डायऑक्साइड थरातले इलेक्ट्रॉन ओढून घेतो, तेव्हा थराचा विद्युतरोध वाढतो. अमोनिया उलट इलेक्ट्रॉन देतो आणि रोध घटतो. मीटरवरचा आकडा यातूनच येतो. म्हणून या खाचा प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) किंवा आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करून मुद्दाम पाडतात.

खाचा जास्त झाल्या तर मात्र पंचाईत. गॅस निघता निघत नाही, आकडा शून्यावर परतत नाही. थर तापवावा लागतो किंवा त्यावर अतिनील प्रकाश टाकावा लागतो. शिवाय जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पाण्याचे रेणू त्याच जागा अडवून बसतात. आमचं मत विचाराल तर प्रयोगशाळेसाठी तो जरूर घ्या, पण माणसांचा जीव ज्या अलार्मवर आहे तिथे आज तरी आम्ही तो बसवून देणार नाही.

तुमच्याकडच्या मीटरमध्ये बहुधा इलेक्ट्रोकेमिकल सेल, म्हणजे द्रावणातल्या रासायनिक क्रियेतून गॅस ओळखणारा सेन्सर आहे. तो साधारण दोन-तीन वर्षं चालतो, पण नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या उन्हात आतलं द्रावण लवकर सुकतं. मीटर चालू दिसतो, गॅस मात्र ओळखत नाही. म्हणून कामावर जाण्याआधी बंप टेस्ट कराच, म्हणजे मीटरला थोडा गॅस देऊन तो ओळखतो का ते बघा.

नाकावर तर मुळीच विसंबू नका. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाक बधिर होतं आणि माणसाला वाटतं, गॅस गेला. गटाराच्या चेंबरमध्ये ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर कुणालाही उतरू देऊ नका, घाई कितीही असो.

सेल बदलायला मीटर आणाल तेव्हा कॅलिब्रेशनचं (मीटरचा आकडा बरोबर आहे का हे तपासून जुळवल्याचं) जुनं सर्टिफिकेटही सोबत आणा.