निळा दिवा झोपवतो की जागवतो? कलर थेरपी आणि लाइट थेरपीतला घोळ

एक रील सांगते, ध्यानाला बसताना खोलीत निळा लाइट लावा, मन शांत होतं. अंगठा वर सरकवला की पुढची रील सांगते, रात्री निळा प्रकाश डोळ्यांवर घेऊ नका, झोप उडते. आता दोन्ही खरं कसं असेल? तर थोडंफार असतं, कारण पहिली गोष्ट कलर थेरपीची आहे, म्हणजे रंगांनी आजार आणि मन बरं करायचा दावा, आणि दुसरी लाइट थेरपीच्या बाजूची, म्हणजे प्रकाशाचा शरीरावर होणारा परिणाम, आणि लोक ही दोन्ही एकाच पिशवीत टाकतात. विकणारे तर मुद्दाम टाकतात, एकीचे पुरावे दाखवायचे आणि दुसरीचा दिवा खपवायचा.

माझ्या मावसबहिणीने घाटकोपरच्या वन बीएचकेत असाच रिमोटवाला रंग बदलणारा बल्ब लावलाय, रात्री साडेदहाला जेवणखाण आवरलं की गडद निळा करून समोर मांडी घालून बसते आणि मग तक्रार की डोळाच लागत नाही. मी काही बोलायच्या आधीच तिचं ठरलेलं, "दादा, कावीळ झालेल्या बाळाला निळ्या लाइटखाली ठेवतात की नाही? मग?" हे 'मग?' मी इतक्या जणांकडून ऐकलंय ना, की सुरुवात तिथूनच करू.

बाळाला 'काचेत ठेवलं' हे आपल्याकडे प्रत्येक घरात कोणाच्या ना कोणाच्या बाबतीत झालेलं असतं. इंग्लंडमध्ये एसेक्सच्या रॉचफर्ड इस्पितळात १९५० च्या दशकात एका सिस्टरच्या लक्षात आलं की बाळांना अंगणात उन्हात नेलं की जिथे ऊन लागतं तिथला पिवळेपणा उतरतो, त्यावरून तिथल्या डॉक्टरांनी काम केलं आणि १९५८ साली ते छापून आलं. होतं काय, तर कातडीखाली साठलेलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळीत पिवळं करणारं द्रव्य, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा, म्हणजे निळा, प्रकाश शोषून घेतं, त्याने त्याच्या रेणूचा आकार बदलतो आणि मग ते लिव्हरच्या नेहमीच्या प्रक्रियेची वाट न बघता पित्तातून, लघवीतून बाहेर पडू शकतं. एवढंच. आता त्या बाळाचा फोटो आठवा, डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते! त्याला निळं काही दिसतच नाही. निळा रंग बघून बाळ शांत झालं, बरं वाटलं, असला काही प्रकार नाही, ते निळं कातडीचं काम आहे, मनाचं नाही.

लाइट थेरपी म्हणजे बहुतेक वेळा हेच, ठरावीक लांबीची लहर, ठरावीक डोस, ठरावीक वेळ, आणि तुमचा विश्वास असो नसो शरीरात काहीतरी मोजता येण्यासारखं घडतं. नील्स फिन्सेन ह्या डेन्मार्कमधल्या डॉक्टरला १९०३ चं नोबेल मिळालं ते कातडीच्या टीबीवर प्रकाशाचे उपचार केल्याबद्दल. आज सोरायसिसवाल्यांना स्किनच्या डॉक्टरकडे ज्या उभ्या कपाटासारख्या मशीनमध्ये उभं करतात त्यातला उपयोगाचा प्रकाश ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट, जो माणसाच्या डोळ्याला दिसतच नाही, म्हणजे त्याला रंगच नाही. रंगाशिवाय चालणारी 'कलर थेरपी' कोणी ऐकलीये का?

मन आणि मूडवाली लाइट थेरपी आहे, ती १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि मंडळींनी हिवाळ्यातल्या उदासीवर मांडली. तिथे हिवाळ्यात दिवस एवढेसे होतात की लोक अंधारात ऑफिसला जातात आणि अंधारात परत येतात. त्यावर उपाय म्हणून सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिव्याच्या पेटीसमोर बसायचं. आणि ती पेटी साधी पांढरी असते बरं का, हिरवी-जांभळी काही नाही. हल्ली आपल्याकडेही ऑनलाइन अशा पेट्या मिळतात, पण मुंबईकराने आधी एक आकडा डोक्यात ठेवावा. घरात ट्यूबलाइटखाली साधारण १०० ते ३०० लक्स मिळतात, आणि बाहेर, अगदी जुलैच्या कुंद ढगाळ दुपारीसुद्धा, काही हजार, कडक उन्हात तर लाखाच्या घरात. आपल्या डोळ्याला हा फरक जाणवत नाही कारण डोळा पटकन जुळवून घेतो, म्हणून खिडकीसमोर इमारत, तिच्या खिडकीत आपण, दिवसभर लाइट लावून वर्क फ्रॉम होम, आणि वाटतं 'उजेड आहे की'. नाहीये. शिवाजी पार्कला एक फेरी मारली तर पेटीचं अर्धंअधिक काम फुकटात होतं.

आता निळ्याचा तिढा. २००२ च्या सुमाराला संशोधकांनी दाखवलं की डोळ्याच्या पडद्यात बघण्याच्या कामाच्या पेशींशिवाय वेगळ्या काही पेशी आहेत, त्यांच्यात मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाश टिपणारं द्रव्य असतं, त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतात आणि मेंदूतल्या घड्याळाला सरळ कळवतात की दिवस आहे. घड्याळाला दिवस वाटला की मेलॅटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन, थोपवलं जातं आणि झोप पुढे ढकलली जाते. काही पूर्ण आंधळ्या माणसांमध्येसुद्धा हा रस्ता चालू असतो, ज्यांना निळं म्हणजे काय ते दिसत नाही त्यांचंही घड्याळ प्रकाशाने सरकतं. म्हणजे डोळ्यातून जाणारे दोन वेगळे रस्ते आहेत. एका रस्त्याने 'निळं दिसलं, आकाश आठवलं, बरं वाटलं' आणि दुसऱ्याने 'दिवस आहे, जागा राहा'. रिमोटवाल्या बल्बमधला निळा एलईडी बहुधा ४६०-४७० च्या आसपासचा असतो, म्हणजे ह्या दुसऱ्या रस्त्याच्या अगदी तोंडाशी. माझी बहीण पहिल्या रस्त्याने शांत होत होती आणि दुसऱ्याने जागी.

हे सगळं उजेड किती आणि वेळ कोणती ह्यावर पण असतं हां, खोलीच्या कोपऱ्यात मिणमिणता निळा दिवा असेल तर एवढा बाऊ नको. पण ती बसायची बल्बपासून हातभर लांब, फुल ब्राइटनेसवर.

कलर थेरपीचा इतिहास मात्र वेगळ्याच गल्लीतून येतो. १८७० च्या दशकात अमेरिकेत प्लेझन्टन नावाच्या जनरलने निळ्या काचेतून आलेल्या उन्हाने द्राक्षं आणि डुकरं जोमाने वाढतात असं छापलं, लोकांनी घराला निळ्या काचा बसवून घेतल्या. पाठोपाठ १८७८ मध्ये एडविन बॅबिटने रंगांनी आजार बरे करायची आख्खी पद्धत मांडली. आणि ती उचलली कोणी, तर आपल्या मुंबईत १८७३ साली जन्मलेल्या दिनशाह घडियाली ह्या पारशी माणसाने. त्याच्याच सांगण्याप्रमाणे १८९७ मध्ये त्याने एका मित्राच्या भाचीला कंदिलासमोर गडद निळी बाटली धरून तो उजेड दिला आणि ती वाचली. पुढे तो अमेरिकेला गेला, १९२० मध्ये 'स्पेक्ट्रो-क्रोम' काढलं, म्हणजे पेटीत १००० वॅटचा बल्ब आणि पुढे सरकवायच्या रंगीत काचा, कुठल्या आजाराला कुठला रंग ह्याचे तक्ते, आणि वर रोग्याचं डोकं कुठल्या दिशेला हवं हेसुद्धा ठरलेलं. मधुमेहासकट सगळ्यावर इलाज. शेवटी तिथल्या औषध खात्याने खटला भरला आणि १९४७ मध्ये तो दोषी ठरला. आजही ज्या काकू रंगीत बाटलीत पाणी भरून गॅलरीत उन्हाला ठेवतात आणि 'सूर्यकिरण चिकित्सा' म्हणून पितात, त्या नकळत त्याच वळणावर आहेत. कंदील गेला, बाटली राहिली. स्वच्छ बाटलीतलं स्वच्छ पाणी प्यायला कोणाची ना नाही, पण काच नारंगी होती म्हणून पाण्यात काही उतरत नाही, आणि त्यावर विसंबून बीपीची गोळी बंद करणारी माणसं भेटतात तेव्हा मला खरंच राग येतो.

रंगाचा दावा तपासून बघितला तर काय होतं ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण गुलाबी रंगाचं. १९७९ मध्ये सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात एका कोठडीला ठरावीक गुलाबी रंग दिला आणि कैदी शांत झाले अशी बातमी झाली, त्या रंगाला तिथल्या दोन अधिकाऱ्यांचं नाव पडलं, बेकर-मिलर पिंक. बऱ्याच तुरुंगांनी भिंती रंगवल्या. नंतर नीट तुलना करून चाचण्या झाल्या तेव्हा तो परिणाम काही सापडला नाही.

आणि सात चक्रं सात रंग हा तक्ता, जो प्रत्येक योगा क्लासच्या भिंतीवर असतो, तो 'प्राचीन' आहे असं समजू नका. मूलाधार लाल, अनाहत हिरवं, वर जांभळं ही इंद्रधनुष्याची रांग विसाव्या शतकात पश्चिमेकडे जुळवली गेली. सोळाव्या शतकातल्या संस्कृत वर्णनात मूलाधारातला पृथ्वीचा चौकोन पिवळा आहे आणि अनाहतातलं वायूचं मंडल चक्क धुरकट. तक्ता आवडत असेल तर ठेवा भिंतीवर, पण 'ऋषीमुनींनी सांगितलंय' हे जाहिरातवाल्यांचं बोलणं.

मग ध्यानात रंगाचा काहीच उपयोग नाही? आहे की, पण औषध म्हणून नाही, खुंटी म्हणून, मन टांगायला. आणि हे खरोखर जुनं आहे. पाचव्या शतकात बुद्धघोष ह्या बौद्ध पंडितांनी लिहून ठेवलेल्या पद्धतीत दहा कसिणं, म्हणजे ध्यानासाठी चित्त लावायच्या वस्तू, आहेत, त्यातली चार रंगाची, नील, पीत, लोहित आणि अवदात म्हणजे पांढरं. एक वीत चार बोटं एवढी चकती करायची, फुलांची किंवा कापडाची चालते, समोर ठेवायची, शांत बघायचं आणि मग डोळे मिटल्यावर ती मनात धरायची. निळ्याने अमुक आजार जातो असं काही नाही तिथे, काम आहे ते चित्त एकाच गोष्टीवर आणायचं. चौघांपैकी कुठलाही रंग घ्या, चालतो.

घरी करून बघायचं असेल तर खर्च दहा-वीस रुपये. स्टेशनरीवाल्याकडून निळी किंवा पिवळी कार्डशीट आणा, फुलपात्र नको, ताटलीच्या मापाने गोल कापा, पांढऱ्या किंवा फिकट भिंतीवर बसल्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा, तीन-चार फुटांवर बसा. ट्यूब मागून किंवा बाजूने येऊ दे, चकतीवर चकाकी नको. अर्धा-एक मिनिट बघितलं की कडेला उजेडाची किनार थरथरताना दिसेल, आणि नजर भिंतीवर नेली की निळ्याच्या जागी पिवळसर गोळा तरंगतो, लाल असेल तर हिरवट-निळसर. अनेक जण इथे 'आभा दिसली' म्हणून खूश होतात. ते डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी दमल्यामुळे, सगळ्यांनाच दिसतं. त्या गोळ्याच्या मागे लागू नका, तो विरला की परत चकतीकडे. डोळे चुरचुरले तर उघडझाप करा, टक लावून पाणी काढायची स्पर्धा नाहीये.

ह्यात डोळ्यात किती प्रकाश जातो? अगदी कमी. समईची वात घेऊन त्राटक करणाऱ्यांचं तर आणखी कमी, एका मेणबत्तीचा उजेड एक मीटरवर साधारण एक लक्स असतो. एकीकडे एक आणि दुसरीकडे दहा हजार. ह्या दोन गोष्टींना 'दिव्यासमोर बसणं' म्हणून एकच नाव द्यायचं म्हणजे कमाल आहे. रंग कुठला निवडायचा ह्यात पण शास्त्र शोधू नका, फार झगझगीत नको इतकंच, कारण गडद भडक रंग एकंदरीत माणसाला जरा चेतवतात, फिकट शांत वाटतात, मग तो निळा असो वा अबोली. बाकी रंगाला जोडलेल्या आठवणी ज्याच्या त्याच्या. नवरात्रात लोकलचा लेडीज डबा एकाच रंगाचा झालेला बघितला की एखादीला उत्साह येतो आणि एखादीला 'अरे देवा, आज मोरपिशी होता' एवढंच सुचतं.

बहिणीला मी सांगितलं ते असं. रात्री बसायचं तर बल्ब पिवळट किंवा लालसर आणि अगदी मंद, नाहीतर देवघरातला झिरोचा बल्ब आहेच, निळं हवंच असेल तर निळी चकती लाव, निळा दिवा नको. चकतीचा निळा त्या मंद उजेडात जरा काळपट दिसेल, चालेल. आणि तो झगझगीत प्रकाश हवा असेल तर सकाळी, उठल्यावर, गच्चीत किंवा खाली कंपाउंडमध्ये चहा घेऊन, पाऊस असला तर जिन्याच्या उघड्या खिडकीशी. फोन आत ठेवून. तिने लगेच विचारलं, "मग बल्ब परत करू?" परत कशाला, ब्राइटनेस कमी कर.

पेटी विकत घ्यायचीच असेल त्यांनी खोक्यावर नुसतं '१०,००० लक्स' बघून हुरळून जाऊ नये, ते किती अंतरावर मोजलंय ते बघा, बऱ्याचदा नाक टेकेल एवढ्या जवळचा आकडा छापलेला असतो. अल्ट्राव्हायोलेट गाळलेला हवा. ज्यांना बायपोलरचा, म्हणजे मूड कधी फार उसळायचा तर कधी फार खचायचा, त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय पेटीसमोर अजिबात बसू नये, एवढ्या प्रकाशाने मूड उलट्या बाजूला उसळू शकतो, आणि डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरलाही विचारावं. कार्डशीटच्या चकतीला असली काही पथ्यं नाहीत, फक्त पावसाळ्यात भिंतीला ओल आली की सेलोटेप सुटते.