न करमण्याचे शास्त्र आणि ओळखीची चाल

सुरतेत उधन्याच्या बाजूला खानदेशातून गेलेल्या यंत्रमाग कामगारांची एक खोली मी जवळून पाहिली आहे. त्या एका खोलीत आठ जण राहतात. चार दिवसपाळीला जातात तेव्हा रातपाळीचे चार झोपलेले असतात, त्यामुळे खोली कधी रिकामी नसते आणि अंथरूणही कधी थंड होत नाही. मागांचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो, म्हणून बारा तासांच्या पाळीत शेजारच्या मागावरच्या माणसाशी हातवाऱ्यांनीच बोलावे लागते. दिवसाचे चोवीस तास माणसांत असलेला अमळनेरकडचा एक तरुण तिथे मला म्हणाला, "माले आठे करमत नही," म्हणजे मला इथे करमत नाही.

'करमणे' हे क्रियापद मला फार मोलाचे वाटते, कारण एकटेपणाचे शास्त्र नेमके त्याच्याभोवती फिरते. एकटे असणे वेगळे आणि न करमणे वेगळे. रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एकटेपणावर जे पुस्तक लिहिले, त्यात त्याने एकटेपणाचे दोन प्रकार सांगितले. पहिला भावनिक, म्हणजे अगदी जवळचे एखादे माणूस नसण्याचा; दुसरा सामाजिक, म्हणजे ज्यांच्यात आपण सहज मिसळून जातो तो गोतावळा नसण्याचा. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, हे त्याचे म्हणणे. पुढे १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात एकटेपणा मोजण्यासाठी वीस विधानांची प्रश्नावली तयार झाली आणि ती सुधारत सुधारत आजही वापरली जाते. तुमच्या घरात किती माणसे आहेत, हे ती विचारत नाही. भोवतालच्या माणसांशी आपला सूर जुळतो असे तुम्हाला किती वेळा वाटते, हे विचारते. त्या खोलीतल्या आठ जणांना हा प्रश्न विचारला, तर उत्तर डोकी मोजून मिळणार नाही.

शिकागो विद्यापीठातले जॉन कासिओपो यांनी २००८ साली सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात एकटेपणाला भूक आणि तहान यांच्या रांगेत बसवले. पोट रिकामे झाले की भूक जशी खायला लावते, तसा माणसांचा धागा सैल झाला की एकटेपणा आपल्याला माणसांकडे ढकलतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. त्याला २०२० साली एका प्रयोगातून चांगला आधार मिळाला. चाळीस जणांना एका दिवशी दहा तास उपाशी ठेवले आणि दुसऱ्या एका दिवशी दहा तास कोणाशीही संपर्क येऊ दिला नाही. नंतर मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा उपाशी माणसाच्या मध्यमेंदूतला जो भाग अन्नाचे चित्र पाहून जागा होत होता, तोच भाग एकांतातून आलेल्या माणसाच्या मेंदूत माणसे एकत्र असल्याचे चित्र पाहून जागा होत होता. आरोग्यावरचा परिणामही लहान नाही. एकशे अठ्ठेचाळीस अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती २०१० साली एकत्र तपासली गेली, तेव्हा घट्ट नातेसंबंध असलेल्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे पन्नास टक्क्यांनी जास्त आढळली. अर्थात हा सहसंबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, एवढे भान ठेवलेच पाहिजे.

मात्र ही पुस्तके वाचताना मला सतत एक उणीव जाणवते. त्यांतला एकटा माणूस बहुधा शहरातला असतो आणि भोवतालच्या लोकांचीच भाषा बोलणारा असतो. आपली बोली मागे ठेवून दुसऱ्या मुलखात गेलेल्या माणसाचा गोतावळा कशाने ओळखू येतो, या प्रश्नाचे उत्तर एकटेपणाच्या पुस्तकांपेक्षा तान्ह्या बाळांवरच्या प्रयोगांत जास्त सापडते.

कॅथरिन किंझ्लर, एमॅन्युएल डुपू आणि एलिझाबेथ स्पेल्के यांनी २००७ साली असे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन अनोळखी बायकांपैकी एक बाळाच्या घरची भाषा बोलली आणि दुसरी परकी. नंतर दोघीही गप्प राहिल्या, तरी पाच-सहा महिन्यांची बाळे आधी घरची भाषा बोललेल्या बाईकडे जास्त वेळ पाहत राहिली. दहा महिन्यांच्या बाळांपुढे दोघींनी एकाच वेळी खेळणे धरले, तेव्हा त्यांनी आपल्या भाषेवालीच्या हातचे घेणे पसंत केले. याहून मला भावला तो २०१६ सालचा प्रयोग. पाच महिन्यांच्या बाळांना आईने किंवा वडिलांनी आठवडा-दोन आठवडे घरी एक नवी चाल गाऊन ऐकवली. मग दोन परक्या माणसांपैकी एकाने तीच चाल गायली आणि दुसऱ्याने वेगळी. बाळांची नजर ओळखीची चाल गाणाऱ्याकडे वळली. पण हीच चाल जेव्हा खेळण्यातून किंवा पडद्यावरून दिसणाऱ्या परक्या माणसाकडून शिकवली होती, तेव्हा हा परिणाम दिसला नाही. म्हणजे बोलता येण्याच्या कितीतरी आधी चाल ही ओळखीची खूण होते, आणि ती खूण आपल्या माणसाच्या तोंडून आलेली असावी लागते.

खानदेशी कानाला हे पटायला वेळ लागत नाही. 'आहे'च्या जागी 'शे' आणि 'मला'च्या जागी 'माले' ऐकू आले की परमुलखातही माणूस मान वळवतो. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही भाषा, जिच्यात अहिराणी मोजली जाते, साडेअठरा लाखांहून अधिक लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदवली. तापीच्या काठाने पूर्वेकडे गेलात तर बोली बदलते आणि लेवा गणबोली सुरू होते. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी याच बोलीत गाणी रचत गेल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हते, ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि त्यांची गाणी १९५२ साली, त्या गेल्यानंतरच्या वर्षी, पुस्तकात आली. शेतात आणि जात्यावर काम करताना सुचलेली ही गाणी आहेत, हे इथे महत्त्वाचे आहे.

कारण जाते हे माझ्या मते एकटेपणावरचे आपल्याकडचे सर्वांत जुने साधन होते. दोन बायका समोरासमोर बसत, एकच खुंटा दोघींच्या हातात असे, एकीने ओढले की दुसरीने ढकलायचे. एक हात खुंट्यावर आणि दुसरा वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालायला मोकळा. एकीने ओवीची ओळ उचलली की दुसरी ती पुढे नेई, आणि ओवी बहुधा जवळ नसलेल्या आईला किंवा भावाला उद्देशून असे. आता याच्या शेजारी २०१५ साली प्रसिद्ध झालेला ब्राझीलमधला प्रयोग ठेवून पाहा. दोनशे चौसष्ट शाळकरी मुलामुलींना तिघातिघांच्या गटांत नाचायला सांगितले. काहींना एकाच वेळी सारख्या हालचाली दिल्या, काहींना वेगवेगळ्या. काहींना दमवले, काहींना बसूनच हात हलवायला लावले. मेंदूत पाझरणारी एंडॉर्फिन ही वेदनाशामक द्रव्ये थेट मोजणे फार अवघड असते, म्हणून संशोधकांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून मुले किती दाब सोसतात, हे नाचाच्या आधी आणि नंतर पाहिले. एकतालात हलण्याने सोसण्याची शक्ती वाढली, दमण्यानेही स्वतंत्रपणे वाढली, आणि दोन्हींमुळे गटातल्या सोबत्यांविषयी जवळीकही वाढली. प्रयोगशाळेने एकेक करून तपासलेल्या या गोष्टी जात्यावर पहाटे एकदमच घडत होत्या. गिरणी आली तेव्हा बायकांच्या खांद्यांवरचे ते कष्ट गेले, याबद्दल मला आनंदच आहे. त्याबरोबर आणखी काय गेले, त्याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

गायनाबाबत २०१५ सालीच इंग्लंडमध्ये झालेला एक अभ्यास इथे सांगितलाच पाहिजे. प्रौढांच्या गायनवर्गांची तुलना हस्तकला आणि लेखन यांच्या वर्गांशी सात महिने केली गेली. शेवटी सगळ्याच वर्गांतले लोक जवळ आले होते, पण गाणारे सुरुवातीच्या आठवड्यांतच जवळ आले. परगावी जाऊन अनोळखी खोलीत पडणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे, कारण त्याच्याकडे नेमका वेळच नसतो.

अहिराणी लोकप्रिय गाण्यांचे सध्याचे यश मी याच नजरेने पाहतो. लग्नाच्या बँडपुढे नाचायची ही गाणी मोबाइलवर कोट्यवधी वेळा वाजली आहेत, आणि ती उथळ आहेत अशी नापसंती आमच्याकडचे शिकलेले लोक अनेकदा व्यक्त करतात. शब्दांबद्दल वाद घालता येईल. परंतु ती खोलीत एकट्याने कानात लावून ऐकणारा मुलगा निव्वळ रेकॉर्डिंग ऐकत नसतो. भावाच्या वरातीत ज्या ठेक्यावर तो चाळीस जणांबरोबर घामाघूम झाला होता, तो ठेका ऐकत असतो. चाल त्याला पडद्यावरून नव्हे, आपल्या माणसांकडून मिळालेली असते.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशातली देवी कानबाई घरोघर बसते, तेव्हा सुरतेहून तापीकाठाने येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. तिच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात, म्हणून कितीही लांब असलेल्याला यावेच लागते. रात्रभर गाणी आणि फुगड्या होतात, सोमवारी विसर्जन होते आणि मंगळवारच्या पाळीसाठी तीच गाडी उलटी भरते. त्या परतीच्या गाडीत अमळनेरनंतर कोणीतरी मोबाइलवर कानबाईचे गाणे लावले होते. नंदुरबार येईपर्यंत डब्यातल्या निम्म्या लोकांनी धृपद उचलले होते, आणि मोबाइल कधी बंद झाला ते त्यांच्या लक्षातही आले नव्हते.