'आय' की 'मी'? इंग्रजीतल्या एका जुन्या घोळाची पार्श्वभूमी

इंग्रजी शिकायला बसलं की पहिली गंमत इथेच होते, आपल्या मी ला ते लोक 'आय' म्हणतात आणि त्यांचा 'मी' म्हणजे आपला मला. (इथून पुढे इंग्रजी शब्द अवतरणचिन्हात टाकतोय, नाहीतर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल.) हा गोंधळ चार दिवसांत जातो, जात नाही तो दुसरा. लहानपणी 'मी अँड माय ब्रदर वेंट' लिहिलं की वहीत लाल रेघ, 'माय ब्रदर अँड आय' लिही म्हणून. ते एकदा अंगात भिनलं की आपण मोठ्या ऐटीत 'ही गेव्ह इट टू माय ब्रदर अँड आय' लिहितो, आणि तिथेही लाल रेघ! का, तर म्हणे इथे 'मी' पाहिजे. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेसुद्धा इथेच अडखळतात हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर झालंय असं की हजारेक वर्षांपूर्वीचं इंग्रजी बरंचसं आपल्यासारखं होतं, विभक्तीवालं. आपण कुत्रा माणसाला चावला म्हणा की माणसाला कुत्रा चावला म्हणा, 'ला' कुणाला लागलाय त्यावरून कोण कुणाला चावलं ते कळतंच. जुन्या इंग्रजीत हेच काम नामाच्या शेवटी लागणारे प्रत्यय आणि नामाच्या आधी येणारा शब्द करायचे, कुत्रा चावणारा असेल तर त्याच्याआधी 'से' आणि चावून घेणारा असेल तर 'थोने'. मग शब्द कसेही फिरवा. पुढे शब्दांच्या शेवटचे स्वर बोलता बोलता झिजत गेले, उत्तरेत नॉर्स (स्कँडिनेव्हियातली जुनी भाषा) बोलणारे लोक येऊन स्थायिक झाले, 1066 मध्ये फ्रान्समधून नॉर्मन राज्यकर्ते आले आणि दरबारी कामकाजातून इंग्रजी बाहेर पडली, या सगळ्यात नामांचे प्रत्यय जवळपास साफ झाले. मग कर्ता कोण हे ओळखायचं कसं, तर जागेवरून. क्रियापदाच्या आधी तो कर्ता, नंतर ते कर्म. नामांना हे चाललं. सर्वनामं मात्र दिवसातून शंभरदा तोंडात येणारी, घासून गुळगुळीत झालेली, ती आपली जुनी दोन रूपं घेऊन तशीच बसली. म्हणजे बघा, काम जागेने उचललं आणि 'आय' नि 'मी' चा फरक मागे राहून गेला, कामावरून काढलेला पण घरी न गेलेला माणूस जसा.

आणि राहिला तोही धड नाही राहिला. जुन्या इंग्रजीत त्याला मारलं मधल्या त्याला ला 'हिने' होतं आणि त्याला दिलं मधल्या त्याला ला 'हिम'. यातलं 'हिने' गेलं आणि 'हिम' ने दोन्ही कामं उचलली, आपला 'ला' दोन्हीकडे चालतो तसंच. 'हर' (तिला) आणि 'हूम' (कुणाला) यांचीही तीच कथा, आणि 'देम' (त्यांना) तर नॉर्स लोकांकडून आलेलं. इंग्लंडच्या नैऋत्य भागातल्या बोलींमध्ये 'हिम' च्या जागी 'अन' असं काहीतरी ऐकू येतं ना, ते त्या जुन्या 'हिने' चं उरलेलं शेपूट. लोक त्याला गावंढळ समजतात, पण वंशावळ काढली तर तेच खरं कर्माचं रूप.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे 'मीथिंक्स'. जुन्या नाटकांत दिसणारा हा शब्द म्हणजे शब्दशः आपलं मला वाटतं! वाटण्याचं क्रियापद वेगळं, विचार करण्याचं वेगळं, आणि वाटणाऱ्याला 'ला'. 'लाइक' चंही तसंच, जुन्या इंग्रजीत राजाला नासपती आवडायच्या, म्हणजे वाक्यातला कर्ता नासपती आणि राजा चतुर्थीत. प्रत्यय गेल्यावर वाक्याच्या तोंडाशी बसलेला राजाच कर्ता वाटायला लागला आणि मला आवडतं चं 'आय लाइक' होऊन बसलं. आपण अजून मला आवडतं वरच आहोत.

उलटा प्रवासही झालाय. 'यू' हे मुळात तुम्हाला, तुम्ही साठी 'यी' होतं. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये हा फरक नीट पाळलाय, 'यी शॅल नो द ट्रूथ, अँड द ट्रूथ शॅल मेक यू फ्री', आधी तुम्ही मग तुम्हाला. पण हे छापलं जात होतं तेव्हा बोलण्यात तो फरक मोडीत निघाला होता आणि कर्माचं 'यू' सरळ कर्त्याच्या खुर्चीत जाऊन बसलं होतं. आज कुणी 'यू आर राइट' म्हटलं की त्याला तुम्हाला बरोबर आहात म्हणतोस का असं कुणी खडसावत नाही. हे इंग्रजांचंच आहे असंही नाही बरं का. इंग्रजीचा 'आय', लॅटिनचा 'एगो' आणि संस्कृतचा अहम् एकाच मुळाचे, पण मराठी मी मधला म अहम् चा नाही, तो मया, मम, मह्यम् च्या घरातला. म्हणजे आपणही कर्त्याच्या जागी बाजूचंच रूप बसवलंय, फक्त आपल्याला लाल रेघ मारणारं कुणी नव्हतं.

इंग्रजीला ते मिळाले अठराव्या शतकात. दार वाजलं, आतून विचारलं कोण, तर बाहेरचा 'इट्स मी' म्हणणार. अगदी जुन्या इंग्रजीत हे, आपल्या मराठीत सांगायचं तर मी ते आहे, अशा रचनेत यायचं, चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काळात 'इट ॲम आय', मग 'इट इज आय', आणि सोळाव्या शतकापासून 'इट इज मी' दिसायला लागतं. कारण तेच, क्रियापदानंतरची जागा कर्माची, तिथे 'आय' कानाला खटकतो. पण व्याकरण लिहिणारे लॅटिनवर पोसलेले, आणि लॅटिनमध्ये असणे च्या दोन्ही बाजूंना प्रथमाच. रॉबर्ट लोथ नावाच्या पाद्र्याने 1762 मध्ये छोटेखानी व्याकरण काढलं, त्यात हा नियम आहे, शिवाय 'दॅन' नंतर 'आय' हवा की 'मी' ते मागे गाळलेल्या क्रियापदावरून ठरवा हेही आहे, आणि तळटिपांत 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' वाल्या स्विफ्टसारख्या बड्या लेखकांच्या चुका काढून दाखवल्यात (ही हौस सगळ्या व्याकरणवाल्यांना असते). त्याच्याच आधारावर लिंडली मरेने 1795 मध्ये शाळेचं पुस्तक केलं, ते अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना प्रचंड चाललं आणि लाल रेघ पक्की झाली. तेव्हाही एक शहाणा माणूस होता, जोसेफ प्रीस्टली, हो तोच ऑक्सिजनवाला. त्यानेही व्याकरण लिहिलं होतं, आणि त्याचं म्हणणं की चांगले चांगले लोक 'इट इज मी' लिहितात, मग नियम त्यांच्याकडे बघून का नको? त्याचं तेव्हा फारसं कुणी ऐकलं नाही.

आता 'बिट्वीन यू अँड आय' (म्हणजे तुझ्यामाझ्यात, नियमाने इथे 'मी' हवा). यावर नेहमीचं स्पष्टीकरण असं की पोरांना 'मी अँड माय ब्रदर' वरून इतकं झापलं की ती घाबरून सगळीकडेच 'अँड आय' लावायला लागली. थोडंफार खरं असेल, पण 1600 मध्ये छापलेल्या शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस' नाटकात अँटोनिओच्या पत्रात 'बिट्वीन यू अँड आय' आहे, लोथच्या दीडशे वर्षं आधी, तेव्हा कुठली आलीये मरेच्या पुस्तकातली लाल रेघ? मला तरी जास्त पटतं ते हे की 'अँड' ने जोडी बांधली की आतल्या शब्दापर्यंत विभक्ती पोचतेच असं नाही. आपल्याकडेच बघा, आपण तुझ्यामाझ्यात म्हणतो, पण तू आणि मी यांच्यात असंही बिनदिक्कत म्हणतो, तिथे तू आणि मी प्रथमेत मोकळे आणि विभक्तीचा भार सगळा यांच्यात वर. इंग्रजीकडे तो यांच्यात नाही, म्हणून उघडं पडतं. 2002 च्या केंब्रिजच्या जाडजूड व्याकरणानेही हा प्रयोग सरसकट चूक म्हणून उडवून लावलेला नाही. परीक्षेत मात्र 'यू अँड मी' च लिहा, तिथे प्रीस्टली सोडवायला येणार नाही.

राहता राहिला 'हूम', म्हणजे 'हू' (कोण) चं कर्माचं रूप. अमेरिकन कोशकार नोआ वेबस्टरने 1789 मध्येच सांगितलं होतं की 'हूम डिड यू स्पीक टू' असं बोलताना कुणी म्हणत नाही. 1921 मध्ये एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने भाकीत केलं, दोनेकशे वर्षांत मोठमोठे कायदेपंडितही 'हूम डिड यू सी' म्हणायचे थांबतील. त्यातली शंभर तर होऊन गेली. प्रश्नाच्या तोंडाशी, म्हणजे कर्त्याच्या जागेवर, 'हूम' आता बोलण्यात फारसा ऐकू येत नाही. 'टू' किंवा 'विथ' ला चिकटून मात्र अजून आहे, शिफारसपत्राच्या डोक्यावर 'टू हूम इट मे कन्सर्न' असतं ना, तिथे.