.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर

लक्ष्यवेध आणि शिकार या दोन्हींसाठी वापरले जाणारे मोठ्या व्यासाचे रिव्हॉल्व्हर. मूळ अमेरिकी. सिलिंडरमध्ये काडतुसांची बहुधा सहा घरे, काही हलक्या नमुन्यांत पाच. नाव .४४ असले तरी गोळीचा प्रत्यक्ष व्यास ०.४२९ इंच, म्हणजे १०.९ मिमी. असतो. याहून ताकदवान रिव्हॉल्व्हरे आज मिळतात, आणि हाताळायला सोपी तर कितीतरी मिळतात. तरीही एकाच हत्याराने कागदी लक्ष्य भेदायचे आणि हरणाची किंवा रानडुकराची शिकारही करायची, असे ठरवलेला अमेरिकी नेमबाज गेली सत्तरएक वर्षे याच व्यासाकडे वळत आला आहे. मुख्य कारण असे, की याची ताकद हवी तेवढी कमी करता येते.

उगम : स्मिथ अँड वेसन कंपनीने १९०७ साली .४४ स्पेशल हे काडतूस आणले. ते अचूक होते, पण मवाळ. त्यातील २४६ ग्रेनची (सु. १६ ग्रॅम) गोळी सेकंदाला जेमतेम २३० मीटर वेगाने जात असे. आयडाहो राज्यातील पशुपालक आणि शिकारी एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांना यातून बरेच काही काढता येईल असे वाटले. आधी ते .४५ कोल्ट वापरीत आणि त्यात जोरदार भार (नेहमीपेक्षा जास्त दारू) भरीत. अशाच एका भाराने त्यांच्या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर फुटले. तेवढ्याच सिलिंडरमध्ये .४४ चे भोक किंचित लहान पडते, त्यामुळे घरांच्या भिंती जाड राहतात, हा विचार करून ते .४४ स्पेशलकडे वळले. त्यांनी स्वतः बेतलेली शिशाची गोळी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचे नाक चपटे आणि खांदा धारदार असतो. कागदावर ती स्वच्छ गोल भोक पाडते आणि जनावरात सरळ खोल जाते. कीथ यांनी हे वाढीव भार वर्षानुवर्षे वापरले, त्यांवर सातत्याने लिहिले आणि कारखान्यांचा पिच्छा पुरवला. अखेर १९५५ च्या शेवटी स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर आणि रेमिंग्टनचे काडतूस अशी जोडी तयार झाली. जुन्या .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरात हे काडतूस चुकूनही बसू नये म्हणून त्याची पुंगळी (दारू भरायची धातूची नळी) सु. ३ मिमी.ने जास्त लांब ठेवण्यात आली. या रिव्हॉल्व्हरला १९५७ पासून ‘मॉडेल २९’ म्हणतात. रूगर कंपनीने १९५६ मध्ये आपले ब्लॅकहॉक याच काडतुसासाठी काढले, तर १९५९ मध्ये अधिक वजनदार सुपर ब्लॅकहॉक आणले.

उपयोगाचा पल्ला : २४० ग्रेनची (१५.५ ग्रॅम) गोळी पूर्ण भाराने सेकंदाला सु. ४०० मीटर वेग गाठते आणि तिची ऊर्जा सु. १,२०० ज्यूल भरते. लांबीतील फरकामुळे मॅग्नमचे काडतूस जुन्या हत्यारात जात नाही, पण .४४ स्पेशल मात्र मॅग्नमच्या घरात बिनदिक्कत बसते. त्याची ऊर्जा सु. ४०० ज्यूल, म्हणजे एक तृतीयांश. सकाळभर सराव करायचा तो या मवाळ काडतुसांवर आणि शिकारीच्या हंगामाआधी पूर्ण भाराची सवय करून घ्यायची, ही शहाण्यांची रीत आहे. आखूड पुंगळ्या वापरल्या की घरात पुढच्या बाजूला काजळीचे कडे साचते. ते घासून काढले नाही तर लांब काडतूस अडते.

.३५७ मॅग्नम (१९३५) सरावाला उत्तम असले, तरी हरणासाठी त्यात चुकीला फारशी जागा नाही. .४१ मॅग्नम (१९६४) कामगिरीत .४४ च्या जवळ जाते, पण त्याची काडतुसे मोजक्याच प्रकारांत मिळतात. .४५४ कॅसूल आणि २००३ सालचे .५०० स्मिथ अँड वेसन ही अस्वलासारख्या मोठ्या जनावरांपुढे खरोखर उपयोगी हत्यारे आहेत. .४५४ मध्ये .४५ कोल्ट वापरून सरावही होतो. पण पहिले आणि एकच मोठे रिव्हॉल्व्हर म्हणून ती घेऊ नयेत. त्यांच्या धक्क्याने हाताला दचकण्याची खोड लागते, आणि ती सुटायला फार काळ जातो.

अचूकता कशावर ठरते : रायफलीला गोळीसाठी एकच घर असते आणि ते नळीशी एकसंध असते. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा वेगवेगळी घरे एकामागून एक नळीसमोर येतात, आणि प्रत्येक वेळी गोळी एक मोकळी फट ओलांडून नळीत शिरते. अचूकतेचे सगळे प्रश्न या उडीत आहेत. घर नळीच्या समोर नेमके थांबले पाहिजे. ते केसभर बाजूला राहिले तर गोळी नळीच्या तोंडाशी एका बाजूने घासते आणि तिचा तोल बिघडतो. नळीच्या मागच्या टोकाला म्हणूनच शंकूसारखा उतार दिलेला असतो. तो खडबडीत किंवा तिरका असेल तर बाकीचे काम कितीही सुबक असो, गोळ्या विखुरतात. फ्रीडम आर्म्ससारखे महागडे उत्पादक प्रत्येक घर त्याच रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या रेषेत भोक पाडून बनवतात. किमतीतला मोठा वाटा या कामाचा असतो.

त्याहून दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे घराच्या पुढच्या तोंडाचे माप. हे तोंड नळीतील खाचांच्या मापाएवढे किंवा त्याहून अगदी किंचित मोठे हवे. ते लहान असेल तर शिशाची गोळी नळीत शिरण्याआधीच दाबली जाते, मग नळीत सैल बसते, मागून वायू निसटतो आणि नळीत शिसे चिकटते. सहाही तोंडे सारखी असणे तर त्याहून महत्त्वाचे. घेण्यापूर्वी हे पाहण्याचा साधा उपाय आहे : एकच गोळी सहाही तोंडांतून बोटाने ढकलून पाहावी. ती सगळीकडे सारख्याच दाबाने सरकली पाहिजे. सिलिंडर आणि नळी यांतील फट ०.१ ते ०.२ मिमी.च्या आसपास असावी. या फटीतून तप्त वायू दोन्ही बाजूंना फेकला जातो. बार काढताना बोट तिच्याजवळ गेले तर मांस फाटते, त्यामुळे दुसऱ्या हाताची बोटे कायम मुठीवरच राहिली पाहिजेत.

गोळीबार तपासताना वाळूच्या पिशवीचा आधार घेऊन २५ यार्डांवरून पाच गोळ्या झाडतात. त्या ५ सेंमी.त बसल्या तर रिव्हॉल्व्हर चांगले, आणि २.५ सेंमी.त बसल्या तर जपून ठेवावे असे. घरांना क्रमांक देऊन प्रत्येकाचे लक्ष्य वेगळे ठेवले की एखादेच घर गोळी बाजूला टाकते का, हेही कळते.

चाप, नळी आणि माशी : सिंगल ॲक्शन प्रकारात दर वेळी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. डबल ॲक्शनमध्ये नुसता चाप ओढूनही बार होतो, पण अचूक नेमासाठी तिथेही घोडा आधी चढवूनच घेतात. सिंगल ॲक्शन सोपे, मजबूत आणि स्वस्त असते, आणि त्याची वळणदार मूठ धक्क्याबरोबर तळहातात वर सरकते. पूर्ण भाराला हे काहींना सोसते. काहींच्या बोटाच्या पेरावर मात्र चापाची कडी आदळते. जुन्या ब्लॅकहॉकमध्ये सुरक्षिततेसाठी घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरावी लागत. १९७३ पासूनच्या नव्या रचनेत सहाही भरता येतात. वापरलेले हत्यार घेताना हा फरक ठाऊक असायलाच हवा.

चार इंचांची नळी कमरेला बरी, आठ इंचांची लक्ष्याला बरी. दोन्ही कामांना सहा ते साडेसात इंच हा मधला मार्ग आहे. वजन सव्वा ते दीड किलो असावे. हलके रिव्हॉल्व्हर दुकानात आवडते आणि मैदानावर नकोसे होते. मागची माशी (नेम धरण्याची खूण) फिरवून वरखाली करता येणारी असणे अनिवार्य आहे, कारण मंद गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि तोवर नळीचे तोंड धक्क्याने वर उचललेले असते. त्यामुळे जवळच्या अंतरावर मवाळ भार वर लागतो आणि जोरदार भार खाली. एकच माशी दोघांना पुरत नाही. दुर्बीण लावायची असेल तर रूगरच्या १९८७ सालच्या सुपर रेडहॉकमध्ये तिची कडी थेट सांगाड्यावर बसतात.

धातूच्या आकृत्यांची स्पर्धा : १९७६ मध्ये अमेरिकेत हातबंदुकीने धातूच्या आकृत्या पाडण्याच्या खेळाची संघटना उभी राहिली. कोंबडी ५०, डुक्कर १००, टर्की १५० आणि मेंढा २०० मीटरवर असतो. आकृती नुसती लागून भागत नाही, ती पडावी लागते. या खेळाने .४४ ची खरी परीक्षा घेतली. सततच्या जोरदार भारांपुढे जुन्या मॉडेल २९ चे सिलिंडर धक्क्याने जागचे हलत असे, म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने आतले भाग सुधारले. याच मैदानावर डॅन वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरांनी नाव कमावले. त्यांची नळी बदलता येते आणि तोंडाशी चाकीने ताणून बसवलेली असते.

शिकार : हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून साधारण नाश्त्याच्या बशीएवढे लक्ष्य होते. उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून, धापा टाकत असताना, ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी एवढ्या जागेत बसते तेच त्या शिकाऱ्याचे अंतर. साध्या माशीने ते बहुतेकांसाठी ५० मीटरच्या आतच येते. त्यापलीकडे बार टाकणे म्हणजे जनावराला तडफडत ठेवणे, आणि हे अक्षम्य आहे. हरणाला आघाताने फुलणारी गोळी चालते, तर डुकराला आणि अस्वलाला कठीण शिशाची चपट्या नाकाची, कारण तिथे खोली महत्त्वाची. काडतुसाचे तोंड गोळीवर घट्ट दाबलेले नसेल तर धक्क्याने उरलेल्या काडतुसांतील गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरेनासे होते. भरवशाच्या शिकारी काडतुसाची ही पहिली चाचणी. सरावाला कानांत बोळे आणि वर कर्णरक्षक अशी दुहेरी सोय हवी.

भारतात : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे भारतात शिकारीला बंदी आहे, आणि शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवान्याशिवाय असे हत्यार बाळगता येत नाही. परवानाधारकांच्या ओळखीचे देशी रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२. क्रीडा नेमबाजीतही .४४ ला जागा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटर सेंटर फायर (बुडाच्या मध्यभागी आघात होऊन पेटणाऱ्या काडतुसांच्या) प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिमी. व्यासाचीच हत्यारे चालतात. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यात तर .२२ चे पिस्तूल वापरतात.