पेपरमिंट तेल (आयबीएस आणि इतर फंक्शनल पचनविकारांवरचं संशोधन)

पेपरमिंट तेल म्हणजे मेंथा × पायपेरिटा या संकरित पुदिन्याचा फुलोऱ्यावर आलेला पाला वाफेवर गाळून काढलेलं उडनशील तेल. गोळ्या, टूथपेस्ट, बाम यांत ते सगळीकडे असतंच, त्याबद्दल इथे काही नाही. ही नोंद आतड्यात जाऊन फुटणाऱ्या कॅप्सूलमधल्या तेलाबद्दल आहे. फंक्शनल पचनविकारांत, म्हणजे पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, पण एंडोस्कोपी सोनोग्राफी रक्त सगळं नॉर्मल येतं अशा आजारांत, ज्या थोड्या वनस्पतीजन्य औषधांची पद्धतशीर चाचणी झाली त्यांत हे तेल बरंच पुढे आहे. या गटातला सगळ्यात ओळखीचा आजार म्हणजे आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम).

मूळ झाडाचा प्रश्न जरा लांबण लावणारा आहे, पण तो समजल्याशिवाय कुठल्या तेलावरचा पुरावा कुठल्या तेलाला लावायचा हे कळत नाही. पेपरमिंट हा पाणपुदिना (मेंथा अ‍ॅक्वाटिका) आणि बागेतला पुदिना (मेंथा स्पिकाटा) यांचा संकर, हे आता बहुतेक सगळे मानतात. स्पिकाटा स्वतःच दोन जुन्या जातींच्या संकरातून आलेला असावा, त्यामुळे पेपरमिंटच्या अंगात तीन जातींचं रक्त आहे असं म्हणायला हरकत नाही. गुणसूत्रं साधारण ७२, बी जवळजवळ धरतच नाही, लागवड मुळाशी फुटणाऱ्या धावत्या फांद्यांनीच करतात. प्राचीन इजिप्तमधल्या थडग्यात पेपरमिंट सापडलं, एबर्स पपायरस या तिथल्या जुन्या वैद्यकीय ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, असं बऱ्याच पुस्तकांत एकमेकांवरून उतरवलेलं दिसतं. तिथे कुठलातरी पुदिना होता इतपत ठीक, पण पानाच्या वाळक्या तुकड्यावरून किंवा जुन्या नावावरून नेमका हाच संकर होता असं ठरवणं अवघड आहे. खात्रीची नोंद इंग्लंडमधली. जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६९६ मध्ये हर्टफर्डशरमध्ये मिळालेल्या तिखट चवीच्या पुदिन्याचं वर्णन केलं, १७२१ च्या लंडन फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत यादीत) तो आला, आणि लिनियसने १७५३ मध्ये त्याला आजचं नाव दिलं. लिनियसने ही स्वतंत्र जात धरली होती. संकराची बाजू पक्की झाली ती फार उशिरा, १९७२ मध्ये मरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत अ‍ॅक्वाटिका आणि स्पिकाटा यांचा मुद्दाम संकर करून निघालेलं तेल तपासलं तेव्हा. इंग्लंडमधल्या मिचमची लागवड अठराव्या शतकाच्या मध्यापासूनची धरतात, ‘ब्लॅक मिचम’ हा वाण तिथलाच.

आपल्याकडे घोळ इथेच होतो. उत्तर प्रदेशात बाराबंकीकडे जे मेंथा पिकतं, ज्याचे भाव वायदेबाजारात लागतात आणि ज्यावर लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेने कोसी, हिमालय, सक्षम असे वाण काढले, ते मेंथा आर्वेन्सिस, म्हणजे जपानी पुदिना. त्याच्या तेलात मेंथॉल सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत असतं, म्हणून ते मुख्यतः मेंथॉलचे खडे काढायला वापरतात. अमृतधारेत ओव्याच्या फुलाबरोबर आणि कापराबरोबर घालायचं ‘पेपरमिंटचं फूल’ म्हणजे हेच खडे. खऱ्या पेपरमिंट तेलात युरोपियन फार्माकोपियाप्रमाणे मेंथॉल ३० ते ५५ टक्के आणि मेंथोन १४ ते ३२ टक्के लागतं, बाकी सिनिओल, मेंथोफ्युरान, पुलेगोन वगैरे. चटणीतला पुदिना तिसराच, स्पिकाटा, त्यात मेंथॉल नावापुरतंच, वास कार्व्होनचा. त्यामुळे खाली दिलेले आकडे पुदिन्याच्या चटणीला, अर्काला किंवा अमृतधारेला लागू होत नाहीत, जाहिरातवाले कितीही लावोत.

तेल काम कसं करतं याचं स्पष्टीकरण दोन टप्प्यांत आलं. १९९१ मध्ये हिल्स आणि अ‍ॅरन्सन यांनी गिनीपिगच्या मोठ्या आतड्याच्या स्नायूवर दाखवलं की तेलामुळे पेशीत कॅल्शियम शिरायचा मार्ग (एल-टाइप चॅनल) अडतो आणि स्नायू सैल पडतो, म्हणजे काही बीपीच्या गोळ्या रक्तवाहिनीत जे करतात तेच इथे आतड्यात. मग २००२ मध्ये थंडाव्याची जाणीव करून देणारा टीआरपीएम८ हा रिसेप्टर (पेशीवरचा संवेदक) सापडला, मेंथॉलने तो चालू होतो. या शोधात भाग असलेले डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी. आतड्याच्या वेदनावाहक मज्जातंतूंवरही हा रिसेप्टर असल्याने तेल नुसतं पेटके कमी करत नाही तर दुखण्याची जाणीवच बोथट करत असावं, असं आता जास्त मांडलं जातं. आयबीएसमध्ये आतडं नाजूक झालेलं असतं, नुसतं आखडलेलं नसतं, त्यामुळे हा दुसरा मार्ग जास्त पटण्यासारखा वाटतो. पण हे बरंचसं प्राण्यांवरच्या प्रयोगांवर उभं आहे हे विसरायचं नाही.

माणसांवरची सुरुवात १९७९ ची, वेल्समधल्या कार्डिफची. रीस, इव्हान्स आणि ऱ्होड्स यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये फक्त १८ पेशंटची डबल-ब्लाइंड क्रॉसओव्हर (कोणाला काय दिलं हे पेशंटला आणि डॉक्टरलाही माहीत नाही, आणि प्रत्येकाला आळीपाळीने दोन्ही मिळतं अशी) चाचणी छापली, पेशंटांनी तेलाच्या कॅप्सूलना पसंती दिली. त्याच्या आदल्याच वर्षी आयबीएस ओळखायचे मॅनिंगचे निकष आले होते, रोम निकष तर पुढच्या दशकांतले, त्यामुळे तेव्हाचे पेशंट आणि आजचे पेशंट एकाच मापाने मोजलेले नाहीत. कार्डिफची खरी कामगिरी कॅप्सूलच्या वेष्टनाची. उघडं तेल घेतलं तर ते पोटात आणि वरच्या आतड्यातच शोषलं जातं, शिवाय अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल पडून छातीत जळजळतं. म्हणून आम्लात न विरघळणारं आवरण, जे पुढे आतड्यात गेल्यावर सुटतं. अँटासिड किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी बरोबर घेतली की हे आवरण वेळेआधी फुटू शकतं, ही बारीक गोष्ट पाकिटावर असते पण वाचतं कोण. १९८२ मध्ये लेस्टर आणि हंट यांनी कोलोनोस्कोपी चालू असताना तेल आतून सोडलं तर आतड्याचा आकस सुटतो असंही सांगितलं.

पुढच्या चाचण्या लहान पण बऱ्यापैकी खूश करणाऱ्या होत्या. तैवानमध्ये १९९७ मध्ये ११० पेशंटांत तेल घेणाऱ्यांपैकी ७९ टक्क्यांचं पोटदुखणं कमी झालं, नुसत्या प्लासिबोवर (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर) ४३ टक्क्यांचं. २००१ मध्ये अमेरिकेत ४२ मुलांवर दोन आठवड्यांची चाचणी झाली. २००७ मध्ये इटलीत ५७ पेशंट घेतले, आणि तिथे लॅक्टोज न पचणारे, सिलिअ‍ॅकवाले (गव्हातलं ग्लूटेन न सोसणारे), लहान आतड्यात बॅक्टेरिया वाढलेले असे आधीच गाळले होते. चार आठवड्यांनी लक्षणं निम्म्याहून कमी झाली अशांचं प्रमाण ७५ विरुद्ध ३८ टक्के. २००८ मध्ये फोर्ड आणि मंडळींनी चार चाचण्यांतले ३९२ पेशंट एकत्र करून मांडलं की साधारण अडीच जणांना दिलं की एकाला प्लासिबोपेक्षा जास्त फायदा होतो. पचनाच्या औषधांत हा आकडा इतका चांगला की थोडा संशयच यावा.

आणि संशय बराचसा खरा ठरला. २०२० मध्ये नेदरलँड्सच्या पर्स्वेड चाचणीत १९० पेशंट, आठ आठवडे, दिवसातून तीन वेळा १८२ मिलिग्रॅम, आणि दोन प्रकारच्या कॅप्सूल: एक लहान आतड्यात सुटणारी, दुसरी त्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात सुटणारी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या व्याख्येने पोटदुखीत प्रतिसाद देणारे अनुक्रमे ४६.८ आणि ४१.३ टक्के, प्लासिबोवर ३४.४ टक्के, म्हणजे फरक दिसतो पण संख्याशास्त्राने धरण्याइतका नाही. लहान आतड्यातल्या कॅप्सूलने पोटदुखी, अस्वस्थपणा, एकूण त्रास अशा दुय्यम मोजमापांत थोडा फायदा दाखवला. खाली सोडलेली, जिच्यावर जास्त आशा होती, ती मागेच पडली. २०२१ मध्ये बोस्टनच्या १३३ पेशंटांच्या चाचणीत सहा आठवड्यांनी तेल आणि प्लासिबो यांत ठळक फरक निघाला नाही. २०२२ च्या एकत्रित आढाव्यात १० चाचण्या, १०३० पेशंट: तेल अजून प्लासिबोच्या पुढे, पण अडीचचा आकडा चारवर गेला, पोटदुखीपुरता तर सातवर, आणि पुराव्याची प्रत ‘फार कमी’.

इथे प्लासिबोचा मुद्दा टाळता येत नाही. आयबीएसच्या चाचण्यांत साखरेच्या गोळीवरही तिसऱ्या हिश्शाहून जास्त लोकांना बरं वाटतं, आणि २०१० मध्ये प्लासिबोचे अमेरिकन अभ्यासक कॅप्चुक यांनी ८० पेशंटांना सरळ ‘यात औषध नाही’ असं सांगून गोळी दिली तरी काहीच न दिलेल्यांपेक्षा त्यांना जास्त आराम पडला. त्यात पेपरमिंट लपवणं कठीण, ढेकर आला की आपल्याला खरी कॅप्सूल मिळाली हे पेशंटला कळतं, मग डबल-ब्लाइंड कागदावरच राहतं. जुन्या चाचण्यांचे फुगलेले आकडे काही अंशी यातून आले असावेत, हे मत इथे जास्त ग्राह्य धरलं आहे. तेलात काहीच नाही असं म्हणणाऱ्यांची बाजू मात्र कमजोर वाटते, कारण आतड्यावरचा परिणाम एंडोस्कोपीतही डोळ्यांनी दिसतो.

संस्थांनी मधला रस्ता घेतला आहे. युरोपियन औषध संस्थेच्या मोनोग्राफमध्ये (त्या वनस्पतीवरच्या अधिकृत टिपणात) आयबीएससाठी ‘सुस्थापित वापर’ असा दर्जा आहे, मात्रा ०.२ ते ०.४ मिलिलिटर दिवसातून तीनदा. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०२१ मध्ये सशर्त शिफारस केली आणि पुरावा कमी प्रतीचा असल्याचंही लिहिलं. त्याच मार्गदर्शिकेत विरघळणाऱ्या तंतूंची, म्हणजे आपल्या इसबगोलाच्या जातीची, शिफारस मात्र जोरदार आहे.

फंक्शनल डिस्पेप्सियावर, म्हणजे जेवल्यावर पोटाच्या वरच्या भागात जड वाटणं, लवकर पोट भरणं यावर, नुसत्या पेपरमिंटचं काम थोडं आहे. जर्मनीत ९० मिलिग्रॅम पेपरमिंट तेल आणि ५० मिलिग्रॅम विलायती शहाजिऱ्याचं तेल एकाच कॅप्सूलमध्ये देऊन चाचण्या झाल्या, निकाल अनुकूल. याशिवाय जर्मनीतच १९६१ पासूनच्या इबेरोगास्ट या नऊ वनस्पतींच्या थेंबांतही पेपरमिंटचं पान आहे, पण तिथे कोणता घटक काय करतो हे वेगळं काढता येत नाही.

दुष्परिणाम फारसे गंभीर नाहीत: छातीत जळजळ, पुदिन्याचे ढेकर, गुदद्वाराशी आग, क्वचित अ‍ॅलर्जी. पित्तनलिका अडलेली असेल किंवा यकृताचा मोठा आजार असेल तर देत नाहीत. पुलेगोन आणि मेंथोफ्युरान यकृताला त्रासदायक असल्याने तेलात त्यांच्यावर मर्यादा आहे. अगदी लहान बाळाच्या नाकाशी मेंथॉलचं काहीही नेऊ नये, श्वास अडकू शकतो.