मणक्याला मार लागल्यावर लघवी-संडासवरचा ताबा का जातो?

"पेशंटला लघवी कळत नाही, डायपर द्या," असं म्हणत बरेच जण दुकानात येतात. डायपर आम्ही देतोच, पण आधी विचारतो: मार मणक्यात कुठे लागलाय?

मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी, तिच्या तोंडाशी आवळणारा स्नायू. दीडदोनशे मिली लघवी जमली की पहिली जाणीव होते. माकडहाडाच्या वरच्या हाडातून निघणाऱ्या नसा हा निरोप मज्जारज्जूत, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या दोरात, नेतात, तिथून तो मेंदूला पोहोचतो. मेंदू परवानगी देईपर्यंत पिशवी सैल राहते, तोंड बंद राहतं.

या नसांचं केंद्र मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकाला, साधारण कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी असतं. मार त्याच्या वर, मानेत किंवा छातीमागे असेल तर केंद्र शाबूत राहतं, पण मेंदूचा लगाम सुटतो. पिशवी मनाला येईल तेव्हा आवळते. पुष्कळदा त्याच वेळी तोंडही आवळतं आणि दाब उलटा किडनीकडे जातो. मार केंद्रालाच किंवा त्याखालच्या नसांना असेल तर पिशवी लुळी पडते, काठोकाठ भरते आणि वरचं तेवढं सांडतं.

बाहेरून दोन्हीकडे दिसतं एकच: गळतंय. डायपर ओला झाला म्हणजे पिशवी रिकामी झाली, असं मुळीच नाही. आमचा धंदा डायपर विकण्याचा, तरी हे सांगतो. डॉक्टरांनी दर 4-6 तासांनी नळी घालून लघवी काढायला सांगितलं असेल तर ती मापाच्या भांड्यात मोजा. एका वेळी 500 मिलीच्या वर निघत असेल तर डॉक्टरांना कळवा.

आतड्याला स्वतःचं नसांचं जाळं असतं, त्यामुळे ते हळू का होईना, चालत राहतं. खाल्ल्यावर त्याची हालचाल वाढते. म्हणून नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने, रोज ठरल्या वेळी बसवा. वरचा मार असेल तर ग्लोव्ह घालून, जेली लावून बोट हळुवार फिरवल्यावर संडास होते. खालच्या मारात बहुधा बोटानेच काढावी लागते. पद्धत नर्सकडून शिकून घ्या.

छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर मार असलेल्या पेशंटचं डोकं अचानक ठणकलं, चेहऱ्याला घाम फुटला, तर बीपी भडकलेलं असू शकतं. लगेच बसतं करा, कपडे सैल करा, लघवीची नळी लावलेली असेल तर ती दुमडली आहे का बघा. उतार पडला नाही तर थेट हॉस्पिटल गाठा.

नळीचा नंबर चिठ्ठीवर असतो, येताना चिठ्ठी आणा. फोडलेलं पाकीट परत घेता येत नाही.