जांभा दगड

जांभा : कोकणपट्टीत व घाटमाथ्यावर सापडणारा तांबडा, सच्छिद्र आणि लोहाने भरलेला दगड. भूविज्ञानात त्याला लॅटेराइट म्हणतात. कोकणातल्या घराचा जोता, भिंती, विहिरीचे बांधकाम, पाखाडीच्या पायऱ्या, बागेभोवतीचा गडगा, अंगणातले तुळशीवृंदावन, सगळे याच दगडाचे. काळ्या दगडाची, म्हणजे काळवत्रीची, कोकणात वाण नाही; पण काळवत्री घडवायला कसबी पाथरवट लागतो आणि छिन्नीला ती दाद देत नाही. जांभा हत्याराचे ऐकतो. ताज्या तोडलेल्या चिऱ्यावर, म्हणजे जांभ्याच्या चौकोनी ठोकळ्यावर, जांभळट झाक दिसते, तिच्याशी नावाचा संबंध जोडला जातो.

लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टर-सर्वेक्षकाने दिले. तो १८००-०१ मध्ये दक्षिण भारतात फिरला आणि मलबारातल्या अंगाडीपुरम येथे हा दगड पाहून १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने हा शब्द वापरला. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. लोक कुदळीने हा दगड खणतात, थापीने किंवा मोठ्या सुरीने त्याला आकार देतात आणि उघड्यावर ठेवल्यावर तो विटेसारखा कडक होतो, असे त्याने नोंदवले. मलयाळममध्ये त्याला वेट्टुकल्लु, म्हणजे कापायचा दगड, म्हणतात. कोकणातला ‘चिरा’ हा शब्दही त्याच जातीचा. दगडाला त्याच्या कापले जाण्यावरून नाव पडावे, हे तसे दुर्मीळच.

जांभा मुळात वेगळा खडक नाही. महाराष्ट्रात तो बहुतेक ठिकाणी काळवत्रीचाच उरलेला सांगाडा आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनला आहे. त्या थरांचा खडक म्हणजे बेसाल्ट, हीच काळवत्री. त्याचा साधारण निम्मा भाग सिलिकेचा. बाकी ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे. उष्ण हवा, धो धो पाऊस आणि त्यानंतर सात-आठ महिन्यांची कोरड, असे चक्र लाखो वर्षे चालले की या खडकाचा हळूहळू कस काढला जातो. कुजलेल्या पाल्यातून येणारे पाणी किंचित आम्लधर्मी असते. ते कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम आधी धुऊन नेते, मग सावकाश सिलिकाही नेते. लोह आणि ॲल्युमिनियम मात्र हवेतल्या प्राणवायूशी व पाण्याशी संयोग पावून अशी संयुगे बनवतात, जी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. ती मागे राहतात. चहा गाळल्यावर गाळणीत चोथा राहतो, तसा जांभा हा डोंगराचा चोथा आहे.

यात नुसता पाऊस पुरत नाही, उन्हाळाही लागतो. पावसाळ्यात भूजल वर येते, खडक तुडुंब भिजतो, आत प्राणवायू कमी पडतो आणि थोडे लोह विरघळून इकडून तिकडे सरकते. पुढे पाणी खाली गेले, हवा आत शिरली की ते लोह जिथे पोचले तिथेच घट्ट बसते. दरवर्षीच्या या ये-जा करण्यातून लोहाची जाळी विणली जाते आणि जाळीच्या घरांत पांढरट-पिवळी चिकणमाती अडकून राहते. जांभ्याला भोके का असतात, याचे उत्तर इथेच आहे. ती कोणा किड्याने पोखरलेली नसतात, लाव्ह्यातल्या वाफेच्या फुग्यांचीही नसतात. दगड उघडा पडला की पाऊस ती मऊ माती धुऊन काढतो आणि रिकाम्या वाकड्यातिकड्या नळ्या उरतात. नवा चिरा हातात घेऊन काडीने एखादे भोक कोरून पाहावे; ओली, साबणासारखी गुळगुळीत माती बाहेर येते.

जांभा दोन पातळ्यांवर आढळतो. एक घाटमाथ्यावर : महाबळेश्वर, पाचगणीचे टेबललँड, कासचे पठार. दुसरा खाली समुद्राच्या अंगाला, रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्याकडे गेलेल्या सपाट माथ्याच्या टेकड्यांवर. जिथे लोहापेक्षा ॲल्युमिनियम जास्त साचले, तिथे त्याच प्रक्रियेतून बॉक्साइट तयार झाले. कोकणात आणि कोल्हापुराच्या बाजूला बॉक्साइटचे साठे आहेत ते यामुळेच.

यात लोखंड आहे तर हा दगड गंजत कसा नाही, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर गमतीचे : गंजायला काही उरलेलेच नाही, हा दगड म्हणजे गंजच. हेमॅटाइट आणि गोएथाइट ही त्यातली मुख्य लोहखनिजे. हेमॅटाइटमुळे लाल रंग येतो, गोएथाइटमुळे पिवळा-तपकिरी. एकाच चिऱ्यावर दोन्ही रंगांचे पट्टे दिसतात ते त्यामुळे. या दोन्हींना लोहचुंबक फारसे आकर्षित करत नाही. पण तांबड्या धुळीत चुंबक फिरवला तर त्याला थोडे बारीक काळपट कण चिकटतात. ते मॅग्नेटाइट किंवा मॅघेमाइट यांसारख्या चुंबकीय लोहखनिजांचे. ओल्या गडग्यावर पांढरा सदरा वाळत घालणाऱ्याला ही रसायनविद्या वेगळ्या वाटेने कळते. डाग साध्या साबणाने जात नाही, कारण हे लोह पाण्यात विरघळत नाही. घरोघरी त्यावर बिंबले हे आंबट फळ किंवा लिंबू चोळतात. बिंबलातले ऑक्झॅलिक आम्ल आणि लिंबातले सायट्रिक आम्ल लोहाला पकडून पाण्यात आणते. ऊन-पावसाने लाखो वर्षांत जे हलवले नाही ते एका बिंबलाने हलते.

चिरा खाणीतून काढताना मऊ असतो. नखाने ओरखडा उठेल इतका नसला, तरी खिळ्याने नाव कोरता येईल इतका नक्कीच. पूर्वी कामगार लांब दांड्याच्या टोकदार हत्याराने चारी बाजूंनी चर पाडून एकेक चिरा सुटा करत. आता बहुतेक चिरेखाणींत रुळांवर सरकणारी, गोल पात्याची यंत्रे असतात. एक फेरी उभे काप घालते, दुसरी आडवे, आणि तळातून चिरा निघतो. वरचा कठीण, पोकळ्यांनी भरलेला थर बांधकामाच्या कामाचा नसतो, तो आधी काढून टाकावा लागतो. फार खोल गेले की दगड पुन्हा मातकट होत जातो. चांगला चिरा मधल्या पट्ट्यातच मिळतो. मे महिन्यात खाणीच्या काठावर उभे राहिले तर खाली भल्यामोठ्या पायऱ्यांचा उलटा किल्ला दिसतो आणि माणसांच्या भुवयांपासून ट्रकच्या चाकांपर्यंत सगळे एकाच तांबड्या रंगाचे.

उघड्यावर ठेवलेला चिरा कडक होतो तो नुसता वाळल्याने नव्हे. ओलावा उडतो हे खरेच, पण त्याबरोबर लोहाच्या संयुगांतले पाणीही कमी होते, त्यांचे स्फटिक बनतात आणि कण एकमेकांत घट्ट गुंततात. वाळलेला मातीचा गोळा पाण्यात टाकला तर पुन्हा चिखल होतो. कडक झालेला जांभा पुन्हा मऊ होत नाही. म्हणून जाणता गवंडी खाणीतून आलेला चिरा लगेच भिंतीत चढवत नाही, काही दिवस ऊन खाऊ देतो. घाईच्या बांधकामात हे राहून जाते आणि दोष मग दगडाला लागतो.

ताकदीत जांभा काळवत्रीच्या जवळपासही येत नाही. बांधकामाच्या जांभा चिऱ्यांसाठीच्या भारतीय मानकात (आयएस ३६२०) किमान दाबशक्ती दर चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटन मागितली आहे आणि पाणी शोषण्याची कमाल मर्यादा १२ टक्के ठेवली आहे. दोन मजल्यांच्या जाड भिंतीला एवढे बळ पुरते. भिंत जाड असल्यामुळे आणि चिऱ्यातल्या पोकळ्यांत हवा कोंडलेली असल्यामुळे दुपारचे ऊन आत पोचायला वेळ लागतो. जांभ्याची घरे उन्हाळ्यात गार लागतात ती यामुळे. याच पोकळ्या पावसाळ्यात मात्र पाणी ओढतात. भिंतीला बाहेरून शेवाळे धरते. ते वाळले की शैवाल व दगडफूल यांच्या थराने भिंत काळवंडते. लोक म्हणतात, दगड जळला. तो जळालेला नसतो, त्याच्यावर जिवंत साय चढलेली असते.

उघडा जांभा दिसायला सुंदर, म्हणून हल्ली गिलावा न करता भिंती तशाच सोडण्याची हौस आहे. जुने बांधकाम करणारे चुन्याचा गिलावा करत किंवा छपराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढा कौलांचा उतार बाहेर काढत. गिलावा काढला तर काय होते, याचे उदाहरण जुन्या गोव्यात उभे आहे. बॉम जेझू बासिलिकाचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये ती पूर्ण होऊन तिचे पवित्रीकरण झाले. जांभ्याच्या त्या इमारतीवरचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात खरवडून काढला, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा तिच्या भिंती थोड्या थोड्या खातो आहे आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर वाद चालू आहे. लोकांना तिचा तांबडा रंगच आता खरा वाटतो, ही खरी अडचण.

जांभ्याच्या सपाट, उघड्या माथ्याला कोकणात सडा म्हणतात, त्याच्या खडकाळ पृष्ठभागाला कातळ. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडतो, तरी सड्यावरच्या वाडीत एप्रिल-मेमध्ये हंड्यांची रांग लागते. हे कोडे दगडानेच घातलेले आहे. भेगा आणि नळ्यांतून पाणी झपाट्याने खाली उतरते. जांभ्याच्या तळाशी चिकणमातीचा थर असतो, तिथे ते अडते आणि टेकडीच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून जुन्या वाड्या सड्यावर नव्हे, त्याच्या पायथ्याशी वसल्या. विहिरी, देवळे, माडापोफळीची आगरे सगळी खालच्या अंगाला. वर घर बांधून मग बोअर मारणाऱ्याने आजोबांनी घर खाली का बांधले हे आधी विचारायला हवे होते.

जून लागला की याच कातळावर उथळ डबकी साचतात आणि बोटभर मातीत फुले येतात. पहिल्या पावसात कोकण दीपकाडी, पुढे गेंद, तेरडा आणि निळी सीतेची आसवे. सीतेची आसवे आणि दवबिंदू या वनस्पती कीटक पकडून खातात. हौस म्हणून नव्हे. पाण्याने सगळे क्षार धुऊन नेलेल्या या मातीत नत्र जवळजवळ नाही, ते किड्यांकडून मिळवावे लागते. स्फुरद असला तरी लोह त्याला धरून ठेवते, पिकाला सहज देत नाही. म्हणून सड्याच्या वरकस जमिनीत नाचणी, वरी यांच्यापलीकडे फारसे काही निघत नसे. आंबा मात्र इथे रमला, तोही फुकट नाही. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, दुसरीकडून आणलेली माती व खत त्यात भरायचे आणि कलम लावायचे. पाणी मुळाशी तुंबत नाही, हा जांभ्याचा गुण कलमांना मानवतो. २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या कोकण हापूसच्या कित्येक बागा अशा भरलेल्या खड्ड्यांवर उभ्या आहेत.

सड्यांवरची कातळशिल्पे हा जांभ्याचा सर्वांत जुना मानवी वापर म्हणता येईल. उक्षी, जांभरूण, काशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी हे सिंधुदुर्गातले आणि फणसायमाळ हे गोव्यातले, अशी नऊ ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आली. काशेळीला हत्तीची भली मोठी आकृती आहे आणि तिच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. देवाचे गोठणे येथील शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. खडकात चुंबकीय लोहखनिज असले की असे होऊ शकते. त्यात चमत्कार शोधायला नको. सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना, या रेषा उठून दिसतात. भर दुपारी माणूस हत्तीवरून चालत जातो आणि त्याला पत्ता लागत नाही.

सातबाऱ्यावर असे बरेच कातळ ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला निकामी जमीन, म्हणून नोंदलेले असतात. चिरे काढून झाले की सोडून दिलेल्या खाणीत पावसाचे पाणी साचते. सुरुवातीला तांबडे, गाळ बसल्यावर हिरवट, आणि दिवाळीपर्यंत त्यात आभाळ दिसू लागते. काठ सरळ उभे आणि ओले असल्यामुळे पाय घसरून आत पडलेल्याला चढून येणे कठीण असते. गुराख्यांना ते चांगले ठाऊक असते, पाहुण्यांना नसते.